गाठीच्या फळीतलं गोड पाणी

मित्रांनो, मी एक जुनी नाव आहे. हसू नका. तुम्हाला समोर दिसतो तो गुरांचा हाळ आहे, त्यात म्हशी तोंड बुडवतात आणि काठावर कावळे बसतात, हे मला चांगलं ठाऊक आहे. पण जरा वाकून या हाळाच्या फळ्या पाहा. एका टोकाला त्या वर वळल्या आहेत. गुरांना पाणी पाजायच्या हाळाला कुणी असा डौल देत नाही. हा माझा मागचा भाग आहे. पुढचा कुठे गेला ते ओघात येईलच.

तुम्ही शाळेतून येताना पाटी-दप्तर माझ्या काठावर ठेवता, डोहातल्या झिऱ्याचं, म्हणजे झऱ्याचं, पाणी पिता आणि माझ्या तळातल्या भोकात चिंध्या कोंबता. त्याचा मला राग नाही. मला राग आहे तो वेगळ्याच गोष्टीचा, आणि तो सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही. म्हणून आज थोडं थांबा. म्हशी थांबतील.

माझं लाकूड सातपुड्यातलं, सागवानी. ते बैलगाड्यांवरून पूर्णेच्या काठी आलं आणि इथेच मांडव घालून सुताराने मला जोडलं. फळ्यांच्या सांध्यांत अंबाडीचे धागे ठासले, वरून राळ आणि तेल चोपडलं. मी देखणी झाले होते, हे मी स्वतः सांगते कारण सांगायला आता दुसरं कुणी उरलं नाही. फक्त मागच्या बाजूला, तळाच्या एका फळीत गाठ होती. सुताराने ती पाहिली, अंगठ्याने दाबली, आणि जेवायची वेळ झाली होती म्हणून सोडून दिली. पाण्यात फुगली की आपोआप बसेल, असं म्हणाला. ती कधीच बसली नाही.

त्या गाठीच्या कडेने माझ्यात पाणी यायचं. फार नाही, पण सतत यायचं. माझा नावाडी शालिग्राम पत्र्याच्या डब्याने ते उपसत राहायचा आणि उतारू मला गळकी म्हणायचे. पावसाळ्यापासून दिवाळीनंतरपर्यंत मी या काठावरून त्या काठावर लोक नेले. शेगावच्या बाजारात जाणारे कापसाचे बोजे नेले, नवऱ्या मुली नेल्या, आगगाडी पाहायला निघालेले म्हातारे नेले. आषाढात मला पहिल्यांदा पाण्यात सोडताना बायका कुंकू लावायच्या, नारळ फोडायच्या. तेवढा एक दिवस मला कुणी गळकी म्हणत नसे. हिवाळ्यापासून नदी आटत जायची आणि डोह तेवढे राहायचे. मग मला या मोठ्या डोहात, पलीकडच्या दरडीजवळ नांगराचा दगड टाकून उभी करायचे आणि विसरून जायचे, शालिग्राम अधूनमधून येऊन पाणी उपसून जाई तेवढंच.

आपला हा मुलूख खारपाणाचा. तुम्ही झिऱ्याचं पाणी पिऊन मोठे झालात, तुम्हाला त्याचं काय! त्या काळी गावातल्या एकाही विहिरीचं पाणी तोंडात धरवत नसे. आंघोळ केली तर अंगावर पांढरं पडायचं. तुरीची डाळ दुपारपर्यंत चुलीवर ठेवली तरी दाणा टणकच राहायचा. लोक नदीचं पाणी प्यायचे, पण चैत्र लागला की डोहही खारट होत जायचा. वैशाखात पाहुणा आला तर घरची बाई पाण्याचा तांब्या पुढे करताना खाली मान घालायची.

आता खरी गोष्ट. वऱ्हाड नागपूरच्या कारभाराला जोडलं गेलं, त्यानंतरच्या एका वर्षी हिवाळ्यात गावात उंदीर पडू लागले. लोकांनी घरं सोडली आणि शेतांत झोपड्या बांधल्या. प्लेग मात्र माणसांच्या मागोमाग तिकडेही गेला. गावचे पाटील होते उत्तमराव. त्यांचा धाकटा भाऊ कडूबा तापाने फणफणला, काखेत सूज आली, आणि तो गेला. त्याच्या बायकोने शेवटपर्यंत त्याचं डोकं मांडीवर घेतलं होतं. बाकी कुणी झोपडीच्या दारातही आलं नव्हतं. त्या बाईचं नाव वच्छला. माहेर तिचं अमडापूरकडचं, घाटावरचं. तिला एक लहान मुलगी होती, पुष्पी. नुकती बोलायला लागलेली.

झोपडी जाळून टाकली. पण वच्छलेचं काय करायचं? कुणी म्हणालं, रानात ठेवा. कुणी म्हणालं, माहेरी पाठवा, पण पाठवायला गाडी जुंपणार कोण? तेव्हा उत्तमरावांना माझी आठवण झाली. चहूकडे पाणी, उंदीर जाणार नाही की माणूस जाणार नाही. दोष फिटेस्तोवर तिथे राहू द्या, म्हणाले. दोष कधी फिटतो, ते त्यांनी सांगितलं नाही आणि कुणी विचारलं नाही. पुष्पीला पाटलांच्या बायकोने, अन्नपूर्णाबाईने, उचलून कडेवर घेतलं. अन्नपूर्णाबाईला मूलबाळ नव्हतं. हे नीट लक्षात ठेवा.

शालिग्रामने वच्छलेला माझ्यावर आणून सोडलं. जाताना तो वल्हं घेऊन गेला, बांबूही घेऊन गेला, आणि स्वतः भोपळ्यांच्या सांगडीवर पोहत काठाला लागला. डोहाच्या तळाशी असा गाळ होता, की म्हैस रुतली तर दोन बैलजोड्या लावून ओढावी लागे. पण खरं सांगू? वाट असती तरी ती गेली नसती. भासऱ्यांनी, म्हणजे थोरल्या दिरांनी, तिथे राहा म्हटलं होतं, आणि पुष्पी त्यांच्या घरात होती.

इतकी वर्षं लोक माझ्यात बसले, पण राहिलं कुणी नव्हतं. तिने चिखल कालवून माझ्या पुढच्या भागात चूल घातली. शालिग्रामने काठावरून पऱ्हाट्यांच्या, म्हणजे कापसाच्या वाळल्या काड्यांच्या, ताट्या पाण्यात ढकलून दिल्या, त्यांचं तिने छप्पर केलं. ज्वारीचं पीठ, डाळ आणि मिरच्या काठवटीत घालून शालिग्राम ती काठवट पाण्यावर सोडायचा, आणि वच्छला सुतळीने ती ओढून घ्यायची. सकाळी ती मला झाडायची. कडेने पाणी शिंपडायची. माझ्या फळ्यांवर कुणी पाय पुसून चढलं नव्हतं आजवर, आणि ही माझ्यावर तुळस नाही म्हणून हळहळत होती. मला लाज वाटत होती ती एकाच गोष्टीची. रोज तिला डबा घेऊन माझ्यातलं पाणी उपसावं लागायचं, आणि मी पुन्हा गळायची.

सकाळी अन्नपूर्णाबाई पुष्पीला काठावर आणायची. पुष्पी दोन्ही हात हलवून "माय" अशी हाक मारायची. वच्छला माझ्या टोकावर उभी राहायची, इतकी पुढे, की मी कलायची. तिला पुष्पी जेवली का, झोपली का, केस कुणी विंचरले, सगळं विचारायचं असे. अन्नपूर्णाबाई गोड बोलायची. म्हणायची, पोर मजेत हाये, तू तुही काळजी घे.

होळी झाली. उंदीर पडायचे थांबले. लोक झोपड्या मोडून गावात परतले, घरं सारवली, तोरणं लावली. वच्छला वाट पाहत होती. ती ना आजारी पडली, ना तिला साधा ताप आला. उलट हे असं धडधाकट जगणंच तिच्यावर शेकलं. नवरा गेला आणि हिला काहीच कसं झालं नाही, असं बायका काठावर धुणं धुताना बोलू लागल्या. पाटील म्हणाले, पाहू अजून.

पुष्पीचं काठावर येणं कमी झालं. मित्रांनो, पाण्यावरून आवाज फार लांब येतो, आणि नावेच्या फळ्यांना तो माणसाच्या आधी कळतो. एकदा अन्नपूर्णाबाई पुष्पीला घेऊन बाभळीखाली आली होती. वच्छला आत चुलीशी खोकत होती, धूर झाला होता. पुष्पीने माझ्याकडे बोट दाखवलं. अन्नपूर्णाबाईने तो हात खाली केला. "तिकडे नको पाहू, बाई. थे हडळ हाये. पोरायले पाण्यात ओढते. तुही माय मी हावो." हे मी ऐकलं. वच्छलेने ऐकलं नाही. ती डोळे पुसत बाहेर आली तेव्हा काठावर कुणी नव्हतं, आणि ती म्हणाली, आज उशीर झाला वाटते त्यायले.

त्या दिवशी मला तोंड असतं तर! पण मी लाकूड होते, आणि मला येत होतं ते एकच, गळणं.

चैत्र सरत आला. ऊन असं की माझ्या वरच्या फळ्या तडकू लागल्या. डोह उतरला आणि त्याचं पाणी पार खारट झालं. वच्छलेचे ओठ फुटले. डाळ शिजेना म्हणून ती नुसती मिरची लावून भाकर खायची. एका दुपारी ती मला उपसत होती. घाम डोळ्यात गेला म्हणून तिने डब्यातल्या पाण्याने तोंड धुतलं, आणि थांबली. ओठ चाटले. मग डब्यातलं पाणी प्याली. मग डोहातलं ओंजळभर घेऊन प्याली आणि थुंकली. पुन्हा डब्यातलं प्याली.

माझ्यात गळणारं पाणी गोड होतं, आणि थंडही.

तिचा विश्वास बसेना. डोक्याला ऊन लागलं असेल असं तिला वाटलं. ती तळात पालथी झोपली आणि गाठीच्या फळीवर तिने गाल टेकला. खालून गार पाणी तिच्या गालाला लागत होतं. बराच वेळ ती तशीच पडून होती. मग उठली, ते पाणी मडक्यात जमवलं, डाळ धुतली आणि चुलीवर चढवली. भाकरी होईस्तोवर डाळ फुटली. तिने पळीने घोटली तर तिचं वरण झालं. वच्छला त्या वरणाकडे पाहून रडली. नवरा गेला तेव्हा ती लांब उभ्या लोकांसमोर रडली होती, आता ती एकटीच होती.

झालं होतं असं, की मला ज्या जागी नांगरून ठेवलं होतं, नेमका तिथेच खाली वाळूत जिवंत झरा होता. दरडीखालून येत असेल. तो वर उसळायचा तो थेट माझ्या तळाला, आणि गाठीच्या फटीतून माझ्यात. पिढ्यानपिढ्या लोक या डोहावर धुणी धुवत होते, मासे मारत होते, पण कुणी तिथे मुक्काम करून राहिलं नव्हतं. आणि मी, जिला गळकी म्हणून हिणवत होते, मी इतकी वर्षं गोड पाणी पोटात घेत होते हे मलाही कळलं नव्हतं. मला किती आनंद झाला म्हणून सांगू! मला वाटलं, आता हिची सुटका झाली.

वच्छला शहाणी असती तर गप्प बसली असती, सौदा केला असता. पण काठवट आणताना शालिग्राम सहज बोलला की पुष्पीचं पोट बिघडलंय, गावातल्या सगळ्याच लेकरांना खारं पाणी पिऊन ढाळ लागले आहेत. मग तिला कुठला धीर? तिने तांब्या भरला, काठवटीत ठेवला आणि सुतळी सैल सोडली. अन्नपूर्णाबाईला बोलवा, म्हणाली. अन्नपूर्णाबाई आली. वच्छलेने माझ्या टोकावरून हात जोडले. "जाऊबाई, हे पाणी गोड हाये. माह्या पोरीले पाजा. डाळ शिजली माही याच्यात." आणि तिने वरणाचं मडकं उचलून दाखवलं.

अन्नपूर्णाबाईने लुगड्याच्या पदरात हात गुंडाळून तांब्या उचलला, आणि तिच्या देखत काठावरच्या मातीत उपडा केला. "तू पिलेगाच्या हातानं भरलं, ते लेकराले पाजू? तुह्या नवऱ्याले तं खाल्लंच," असं म्हणून ती निघून गेली. तांब्याही तिथेच टाकून गेली.

पण शालिग्रामने मडकं पाहिलं होतं. आपल्या भागात शिजलेली डाळ म्हणजे काय, हे त्याला कुणी समजावून सांगायला नको होतं. त्याने जाऊन पाटलांच्या कानावर घातलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सारा गाव काठावर जमला. वच्छलेने डोक्यावर पदर घेतला, केसांवरून हात फिरवला. तिला वाटलं, आपल्याला न्यायला आले. मलाही तसंच वाटलं.

उत्तमरावांचं पहिलं वाक्य असं होतं, की पिण्याच्या पाण्यावर हिचा संसार नको, आधी नाव तिथून हलवा. माणसं सांगडी घेऊन आली, तोंडाला फडकी बांधून. त्यांनी नांगराचा दगड काढला, मला दोरखंड लावला आणि ओढत पार खालच्या अंगाला, लव्हाळ्यात नेऊन अडकवलं. वच्छला सांगत होती की आधी जागा पाहून ठेवा, खूण ठेवा. पण तिचं ऐकायला ते आले नव्हते. तिच्यापासून लवकर दूर व्हायला आले होते.

आणि मग त्यांना झरा सापडेना. एवढ्या मोठ्या डोहात मी नेमकी कुठे उभी होते, यावर चौघांची चार मतं. खूण होती ती मीच होते, आणि मला त्यांनी हलवलं होतं. माणसांनी बुड्या मारल्या, तळ ढवळला, गाळ उसळून सगळं पाणी काळं झालं. जो वर येई तो खारं पाणी थुंकत येई. माझ्या भोकातून एखादा माणूस चव घेत गेला असता तर काम झालं असतं. पण प्लेगाच्या नावेत बसून तिच्या तळाला तोंड लावणार कोण? घरी जाताना बायका म्हणाल्या, तिने करणी केली, पाणी बांधून ठेवलं. लव्हाळ्यात माझ्या भोकातून आता खारं पाणी येत होतं आणि वच्छला तेच पीत होती.

वैशाखात गावात एक लेकरू दगावलं, मग दुसरं. तेव्हा उत्तमराव लव्हाळ्याच्या काठाशी आले. सोबत शालिग्राम होता. धाकटी भावजय भासऱ्यांच्या तोंडावर बोलत नाही, म्हणून वच्छला पदराआडून शालिग्रामशी बोलली, आणि उत्तमराव पाच हातांवर उभे राहून ऐकत होते.

"शालिग्रामदादा, त्यायले सांगा, मी जागा दाखवतो. मले काही नको. मले माह्या घरी न्या अन् माही पोरगी माह्या वटीत द्या. बस, एवढंच."

उत्तमराव गेले आणि महादेवाच्या देवळातून बेलाची पानं आणि भंडारा घेऊन आले. तुम्हाला ठाऊक असेल, आपल्याकडे बेलभंडार उचलून खोटं बोलत नाहीत. उचलणाऱ्याचा वंश बुडतो म्हणतात. उत्तमरावांनी तो तळहातावर धरला आणि म्हणाले, "पाणी दाव. पोरगी तुह्या पुढं आणून उभी करतो, वटीत घे. तुले घरी नेतो. बेलभंडार हाये." वच्छलेने तिथूनच जमिनीला डोकं टेकल्यासारखं माझ्या फळीला डोकं टेकलं. ज्या माणसाला स्वतःचा वंशच नव्हता, त्याला वंश बुडण्याचं भय कुठलं, हे तिच्या ध्यानात आलं नाही. माझ्याही नाही.

मग मला पुन्हा डोहात ओढलं. माणसं लांब दोर धरून दोन्ही काठांनी चालत होती. वच्छला तळात पालथी पडली होती, गाठीच्या फळीवर गाल ठेवून. पाणी आलं की चाटायची. खारं, म्हणायची. आणखी वर. खारं. जरा दरडीकडे. मित्रांनो, मी माझ्या आयुष्यात पुष्कळ माणसं पार उतरवली, पण कुणाबरोबर मिळून एखादी गोष्ट शोधली ती एवढी एकदाच. मी जीव एकवटून गळत होते. एका ठिकाणी तिच्या गालाला गार लागलं. ती नुसती हसली. मग हात वर केला. शालिग्रामने तिथे बांबू ठोकला आणि काठावर एकच गलका झाला.

झऱ्याभोवती खारं पाणी येऊ नये म्हणून फळ्यांचं कडं करायला हवं होतं. फळ्या माझ्याच. पाटलांनी करवत मागवली. मला काठाला लावलं आणि वच्छलेला उतरायला सांगितलं. किती महिन्यांनी तिचे पाय मातीला लागले! ती दोनदा धडपडली. पाण्यावर राहून तिची चाल बिघडली होती. लुगड्याच्या चिंध्या झाल्या होत्या, केसांच्या जटा, तोंड उन्हाने काळंठिक्कर. ती उभी राहिली आणि तिने ओटी पसरली.

अन्नपूर्णाबाई पुष्पीला घेऊन आली. खाली उतरवलं, पाठीवर हात ठेवून पुढे केलं. जा, म्हणाली, बोलावते थे. पुष्पीने वर पाहिलं, आणि असं किंचाळली की बाभळीवरचे बगळे उडाले. "हडळ! आई, हडळ!" ती वळली आणि अन्नपूर्णाबाईच्या पायांना घट्ट बिलगली. वच्छला एक पाऊल पुढे आली, पोर आणखी किंचाळली. तिचा श्वास अडकू लागला. वच्छला होती तिथेच थांबली. ओटी तशीच पसरलेली होती.

तेव्हा ती पहिल्यांदा भासऱ्यांशी तोंडावर बोलली. "भाऊजी, तिले समजवा. मी तिची माय हावो."

उत्तमराव म्हणाले, "पोरगी तुह्या पुढं उभी केली का नाही? लेकरूच येत नाही, त्याले मी का करू? अन् तुले घरी नेलं तं हे भेवानं मरन. नेऊ काय, तूच सांग."

एवढा गाव पाहत उभा होता. शालिग्राम खाली पाहत दोर गुंडाळत होता. पोरगी रडून रडून ओकत होती. वच्छलेने तिच्याकडे पाहिलं आणि ओटी सोडली. "नका नेऊ," म्हणाली. "आधी तिले पाणी पाजा. गोड पाणी पाजा."

झऱ्याचं पहिलं पाणी कुणीतरी आणलं आणि पुष्पीला पाजलं. ती हुंदके देत प्याली. पुन्हा मागितलं. वच्छला ते पाहत दूर उभी होती. तिला कुणी विचारलं नाही. नंतर काही दिवस ती पलीकडच्या काठावर बाभळीखाली बसलेली दिसायची. झिऱ्याला तिने शिवू नये म्हणून पाटलांनी माणूस बसवला होता. ती डोहातलं खारं पाणी प्यायची. मग एका सकाळी बाभळीखाली कुणी नव्हतं. शेगावच्या वाटेला गेली म्हणतात. पुढे तिचं काय झालं, मला माहीत नाही.

माझ्या पुढच्या भागाचं कडं झालं, ते आजही पाण्यात आहे. दरवर्षी पूर त्याला गाळाने बुजवतो आणि पूर ओसरला की गाव ते उपसतं. मागच्या भागाचा हा हाळ केला. झिऱ्याला तुम्ही पाटलाचा झिरा म्हणता. पाटलांना देवीने स्वप्नात येऊन जागा दाखवली, असं तुम्हाला शिकवलं आहे.

आणि ती रोज सकाळी दोन घागरी घेऊन येते ना, कपाळाला आठी घातलेली, माझ्या भोकात चिंधी नीट बसली नाही की तुमच्यावर ओरडणारी पुष्पाबाई, तीच पुष्पी. आता तिला तीन लेकरं आहेत. मागे एकदा धाकटीने विचारलं, आई, तुही माय कुठं हाये? पुष्पाबाई मला राखेने घासत होती. म्हणाली, "मले टाकून गेली थे. पिलेगात मी बिमार होतो तं नावंत बसून पळून गेली. मले अन्नपूर्णामायनं वाढवलं." आणि तिने माझ्या फळीवर जोरात दगड घासला. तिचा राग रास्त आहे. तो चुकीच्या बाईवर आहे, एवढंच.

अशा गोष्टीच्या शेवटी जुन्या वस्तू तुम्हाला विनवतात, की आम्हाला जपा, फेकू नका, जाळू नका. माझं तसं काही म्हणणं नाही. मी कुजले तरी चालेल. मला चुलीत घाला, खुशाल घाला. तुम्हाला तोंड आहे, मला नाही, म्हणून एक काम तेवढं करा. उद्या सकाळी पुष्पाबाई येईल, गळकी मेली म्हणून मला शिव्या देईल आणि या भोकात चिंधी कोंबायला वाकेल. तेव्हा तिला सांगा, की याच फळीवर गाल टेकून तुझी आई तुझ्यासाठी पाणी शोधत होती.